मिसिसिपीच्या काठचे फोटो आणि आपल्या जिन्यातली रेघ

(यंदा कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडेफार नीटनेटके करून लिहून दिले आहे. पडद्यावर दाखवलेले सगळे फोटो इथे छापणे शक्य नाही, म्हणून काही ठिकाणी वर्णन वाढवले आहे.)

सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, समितीचे सर्व सभासद, वहिनी मंडळी, आणि दूध कधी मिळणार म्हणून मघापासून पातेल्याकडे बघत बसलेल्या बालमित्रांनो,

सेक्रेटरींनी मला सांगितलं, "काका, अमेरिकेचे फोटो दाखवा आणि वीस मिनिटं बोला." मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. तिथे ऑडिटर समोर बसल्याशिवाय मी सलग वीस मिनिटं कधी बोललो नाही. त्यामुळे सांभाळून घ्या. आणि एक आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेचे फोटो म्हटल्यावर तुम्ही न्यूयॉर्कचा पुतळा, नायगारा वगैरेची वाट बघत असाल तर ते यात नाहीत. आम्ही दोघं दोनदा अमेरिकेला गेलो आणि दोन्ही वेळा नायगारा राहिलाच. सौ. अजून ते बोलून दाखवते.

आमचे चिरंजीव राहतात आयोवा राज्यात, बेटेनडॉर्फ नावाच्या गावात. शिकागोहून मोटारीने तीन तासांवर. मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवर मिळून गावांचा एक पुंजका आहे, त्याला 'क्वाड सिटीज' म्हणतात. क्वाड म्हणजे चार. आयोवाच्या बाजूला डॅव्हनपोर्ट आणि बेटेनडॉर्फ, समोर इलिनॉय राज्यात रॉक आयलंड, मोलीन आणि ईस्ट मोलीन. मोजली तर पाच होतात! मी पहिल्याच दिवशी मुलाला म्हटलं, अरे ही एंट्री जुळत नाही. तो म्हणाला, "बाबा, इथे कुणीच जुळवत नाही, तुम्हीही सोडून द्या."

तिथे आपली मराठी माणसं पुष्कळ भेटतात. कारण मोलीनला जॉन डिअरचं मुख्यालय आहे आणि त्या कंपनीचं पुण्यातही मोठं काम चालतं. पुण्यातून गेलेली पोरं तिथे गणपती बसवतात. या जॉन डिअरनं १८३७ साली पोलादी फाळाचा नांगर केला आणि १८४८ मध्ये तो मोलीनला आला, कशासाठी, तर नदीच्या पाण्याची शक्ती आणि मालाची वाहतूक यासाठी. आपल्या जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची सुरुवातही लोखंडी नांगरापासूनच झाली, १९१० ची गोष्ट. तिथे नांगराचा जुना नमुना बघताना मला पलूसचा रस्ता आठवला. माणूस कुठेही गेला तरी आपल्या गावाचं काहीतरी शोधतोच.

आता फोटोंकडे वळू. निवृत्त झालो तेव्हा मुलानं मला निकॉनचा कॅमेरा दिला. तोपर्यंत माझी फोटोग्राफी म्हणजे लग्नात फोटोग्राफरला "इकडचाही एक घ्या हो" म्हणणं. हळूहळू शिकलो. बेटेनडॉर्फला गेल्यावर शिकायला वेळच वेळ मिळाला. सूनबाई आणि मुलगा कामावर, नातू शाळेत. आम्ही दोघं सकाळी चहा झाला की नदीवर. पाण्याच्या कडेकडेने कित्येक मैल चालायची पायवाट आहे, अधूनमधून बाकडी आहेत. सौ. बाकावर बसून नामस्मरण करणार, मी फोटो काढणार. कामाची वाटणी पक्की.

तिथली एक गंमत सांगतो. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, हे आपण भूगोलात शिकलो. पण नेमकी या गावांजवळ ती वळण घेते आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे काठावर एकाच जागी उभं राहिलात तर सकाळी सूर्य नदीच्या वरच्या अंगाला उगवतो आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बुडतो. दोन्ही वेळा उजेड पाण्यावरून सरपटत आपल्याकडे येतो. फोटो काढणाऱ्याला आणखी काय पाहिजे? या पडद्यावरच्या फोटोत जी पाच कमानी दिसतात तो सेंटेनियल पूल, १९४० चा. रात्री त्याच्या कमानींवर दिवे लागतात आणि पाच कमानी पाण्यात उलट्या दिसतात. हा फोटो कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, दहा सेकंद उघडा ठेवून काढलाय. पहिले अकरा फोटो हलले, कारण डास! डासांच्या बाबतीत अमेरिका आपल्यापेक्षा अजिबात मागे नाही.

हा दुसरा पूल बघा. हा गव्हर्न्मेंट ब्रिज, १८९६ चा. वरच्या मजल्यावरून रेल्वे, खालच्या मजल्यावरून मोटारी. आणि मोठी बोट आली की याचा एक भाग चक्क फिरतो, जात्याच्या पाळीसारखा, आणि वाट मोकळी करून देतो. मोटारी दोन्हीकडे थांबतात, कुणी हॉर्न वाजवत नाही. आपल्या आयर्विन पुलाहून हा तेहतीस वर्षांनी मोठा.

याच ठिकाणाजवळ १८५६ मध्ये मिसिसिपीवरचा पहिला रेल्वे पूल झाला होता. पूल सुरू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले आणि 'एफी आफ्टन' नावाची वाफेची बोट त्याच्या खांबावर आदळून पेटली. बोटवाल्यांनी पूल बांधणाऱ्यांवर दावा लावला. म्हणणं असं, की नदी आमची, पूल हा अडथळा. पुलाच्या बाजूने कोर्टात उभे राहिले अब्राहम लिंकन. तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष नव्हते, वकील होते. ज्यूरीचं एकमत झालं नाही, त्यामुळे पूल राहिला आणि पुढे रेल्वे पश्चिमेला गेली. आपल्याकडे नदीवरच्या पुलांवरून, बंधाऱ्यांवरून किती वाद चालतात ते आपण रोज पेपरात वाचतो. नदीच्या काठी राहायचं म्हटलं की हे आलंच.

शनिवार-रविवारी मुलगा मोटार काढायचा. खाली मस्कटीन म्हणून गाव आहे, तासाभराच्या आतलं. तिथे काठावर मला हा शिंपला मिळाला. याला गोल गोल भोकं दिसताहेत ना? मला वाटलं किडा लागला असेल. सूनबाई म्हणाली, "बाबा, ही बटणं काढलेली आहेत." १८९१ मध्ये बेपल नावाच्या एका जर्मन कारागिराने नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला तिथे सुरुवात केली. १९०५ साली या एका गावाने दीड अब्ज बटणं केली! मग प्लॅस्टिक आलं आणि धंदा बसला. शिंपलेही तोवर ओरबाडून संपत आले होते. भोकं पडलेले शिंपले मात्र अजून सापडतात. हा मी रुमालात गुंडाळून आणला. फोटो चांगला यायचा तर शिंपला उन्हात सरळ ठेवायचा नाही, खिडकीशी बाजूच्या उजेडात ठेवायचा, म्हणजे मोत्यासारखी चमक दिसते.

वाटेत वाइल्डकॅट डेन नावाचं राखीव रान आहे. तिथे १८४८ ची पाणचक्की उभी आहे, ओढ्याच्या काठी. तिचा फोटो सौ.च्या आवडीचा, म्हणून कॅलेंडरला दिलाय. वरच्या अंगाला ल क्लेअर हे गाव, 'बफेलो बिल' तिथला. पूर्वी त्या भागात नदीत चौदा मैल खडकाळ उतार होता, आणि बोटी पार करून देणारे वाकबगार तांडेल याच गावात राहायचे. आता धरणांमुळे खडक पाण्याखाली गेले आणि तांडेलांचं काम संपलं.

ही धरणं आपल्या कोयनेसारखी नव्हेत. पाणी साठवायला नाहीत, तर बोटी चालाव्यात म्हणून नदीत नऊ फूट खोली राखायला आहेत. नदी पायऱ्यापायऱ्यांची केली आहे म्हणा ना. प्रत्येक पायरीला एक लॉक, म्हणजे दोन दारांची लांबलचक हौद-खोली. बोट आत आली की मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं किंवा काढायचं, बोट वर किंवा खाली जाते, मग पुढचं दार उघडायचं. पंप नाही, सगळं नदीच्या उतारावर. ल क्लेअरच्या खाली १४ नंबरचं लॉक आहे, तिथे आम्ही जुलैत एक अख्खी दुपार बसलो. एक टग बोट पंधरा बार्जेस ढकलत आली. तीनाच्या पाच रांगा. एका बार्जमध्ये पंधराशे टन मका किंवा सोयाबीन. सगळा तांडा हजार फुटांच्या वर आणि लॉक सहाशे फुटांचं. मग काय करतात? तांडा मधेच सोडतात. आधी नऊ बार्जेस आत, मग उरलेल्या सहा आणि बोट. पुन्हा दोरखंडांनी बांधायचं आणि पुढे निघायचं. दीड-दोन तासांचं काम, आणि अशी लॉक्स वाटेत एकामागून एक. पण एकाही माणसाचा आवाज चढला नाही. सौ. म्हणाली, "आपल्या लिफ्टचं काम काढलं होतं तेव्हा यातला एक माणूस बोलवायला हवा होता." (हे वाक्य समितीने छापलं नाही तरी चालेल.)

आता गरुड. हे फोटो दुसऱ्या फेरीतले, २०२३ च्या जानेवारीतले. त्या दिवसांत नदी गोठते. पण धरणाच्या खाली पाणी उसळत असतं, तिथे बर्फ धरत नाही. मासे तिथे मिळतात म्हणून उत्तरेकडून बाल्ड ईगल येतात, शेकड्यांनी. बाल्ड म्हणजे टकल्या. पण या पक्ष्याला टक्कल नाही हो, डोकं पांढरंशुभ्र पिसांचं आहे. खरा बाल्ड कोण ते कॅमेऱ्याच्या मागे उभं होतं. पिल्लू असताना पक्षी सगळा तपकिरी असतो, डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. डीडीटीच्या फवारण्यांमुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन हे पक्षी नाहीसे व्हायला आले होते. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, आणि २००७ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून यांचं नाव निघालं. पस्तीस वर्षं लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर बुडीत खातं वसूल झालं.

आपल्यातली जी मुलं फोटो काढतात त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवायची. बाहेरून घरात येताना कॅमेरा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा, नाहीतर आत आल्याबरोबर भिंगावर दव धरतं. बर्फाचा फोटो काढताना कॅमेरा फसतो, त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि पांढरा बर्फ राखाडी येतो. तेव्हा उजेड थोडा वाढवायचा. आणि पक्षी वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतो. म्हणून वारा आपल्या पाठीकडून येत असेल तर पक्षी आपल्याकडे तोंड करून उठतो. एवढं कळायला मला तीन शनिवार आणि एक कानटोपी गमवावी लागली.

हे मला ज्यांनी शिकवलं ते एक अमेरिकन आजोबा होते, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची गाठ पहिल्या फेरीत, २०१९ च्या एप्रिलमध्ये पडली. घडीच्या खुर्चीवर बसलेले असायचे. त्यांचा एक नेम होता. नदीकाठच्या एकाच ठरलेल्या जागेवरून, एकाच दिशेला, दर महिन्याला एक फोटो. किती वर्षं, तर एकोणीस. मी म्हटलं, कंटाळा येत नाही? त्यांनी मला मोटारीत ठेवलेला एक खोका दाखवला. प्रत्येक फोटोच्या मागे तारीख आणि त्या दिवशीची नदीची पातळी, फूट आणि दशांश. पेन्सिलीने. मला एकदम आमचं जुनं लेजर आठवलं. त्यात सुंदर म्हणावे असे फोटो चार-पाचच होते. पण सगळे मिळून पाहिले की नदी हलताना दिसायची.

आणि त्या वर्षी नदी हललीच. आम्ही पोचलो तेव्हाच ती पुराच्या पातळीवर होती. मार्चच्या मध्यापासून तीन महिन्यांहून अधिक काळ तिथे पूर होता. आपला पूर धो धो पावसाचा, दोन-चार दिवसांत चढणारा. तिथला वरच्या राज्यांतलं बर्फ वितळून आणि त्यात वसंतातला पाऊस मिळून, सावकाश चढणारा. डॅव्हनपोर्ट गावाने नदीला कायमची भिंत घातलेली नाही. समोरच्या रॉक आयलंडने बांध घातला, बेटेनडॉर्फने घातला, यांनी नाही घातला. नदी आमच्या डोळ्यांसमोर राहिली पाहिजे, असं तिथल्या पुष्कळ लोकांचं म्हणणं. काठावर बागा आणि मैदानं ठेवली आहेत, पूर आला की ती बुडू द्यायची, आणि तात्पुरते वाळू भरलेले अडसर उभे करायचे. नदीला खेटून त्यांचं बेसबॉलचं मैदान आहे. हा फोटो बघा, चारी बाजूंनी तपकिरी पाणी आणि मधे हिरवंगार मैदान. ताटात ठेवलेल्या वाटीसारखं.

३० एप्रिलला दुपारी ते अडसर फुटले. बाजारपेठेचे काही रस्ते बघता बघता पाण्याखाली गेले. आम्ही दुसऱ्या दिवशी टेकाडावरच्या रस्त्यावरून पाहिलं. मोटारींचे टप तेवढे वर. त्या गावातली पुराची जुनी सर्वोच्च पातळी होती १९९३ ची, २२.६३ फूट. जो तो तोच आकडा बोलत होता. २ मे रोजी नदी गेली २२.७० वर. फरक किती? एक इंचसुद्धा नाही. पण छब्बीस वर्षं ज्या रेघेवर लोकांनी हिशेब बांधला होता, ती रेघ ओलांडली गेली. त्या दिवशी आजोबा आपल्या जागेपर्यंत पोचू शकले नाहीत, ती जागाच पाण्यात. त्यांनी टेकाडावरून त्याच दिशेचा फोटो काढला आणि मागे लिहिलं, "जागा बदलली." तारीख आणि पातळी खाली.

मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, फोटो काढले, इथल्या मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवले. आणि जुलैच्या शेवटी सांगलीला परत आलो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

मित्रहो, आता जे सांगतो ते मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही. आमचं घर तळमजल्यावर. ऑगस्टच्या सुरुवातीला पाणी वाढायला लागलं तेव्हा वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक स्वतः येऊन म्हणाले, "सामान वर आणून ठेवा, पोरं मदतीला देतो." मी त्यांना काय उत्तर दिलं? "२००५ ला पाणी दुसऱ्या पायरीपर्यंतच आलं होतं. काही होत नाही." तीन महिन्यांपूर्वी डॅव्हनपोर्टमध्ये हेच वाक्य मी लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, फक्त आकडा वेगळा. पूर पाहून आलेला, पुराचे दोनशे फोटो काढून आणलेला माणूस, आणि तरी माझी अक्कल त्या दुसऱ्या पायरीवरच अडकलेली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही दोघं बोटीतून बाहेर पडलो, हातात औषधांची पिशवी आणि कॅमेरा. मिरजेला मेहुण्यांकडे दहा दिवस राहिलो.

परत आलो तेव्हा भिंतीवर स्विचबोर्डाच्याही वर चिखलाची रेघ होती. फर्निचर गेलं, फ्रीज गेला, त्याचं काही नाही. पण दिवाणाच्या खणात आमचे सगळे आल्बम होते. लग्न, मुलांची बारशी, मुंजी, माझ्या वडिलांचे, आईचे. पानं एकमेकांना चिकटून त्याचा एक ओला ठोकळा झाला होता. सौ.ने तो उघडायचा प्रयत्न केला, तर चेहरे कागदावरून निघून तिच्या बोटांना लागले. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. अमेरिकेतल्या नदीचे माझे सगळे फोटो मात्र सुखरूप होते, मुलाच्या कॉम्प्युटरवर. परक्या नदीचा एक थेंब हरवला नाही आणि घरची माणसं वाहून गेली, असा तो जमाखर्च.

महिनाभराने चौथ्या मजल्यावरच्या वहिनी एक पाकीट घेऊन आल्या. २००० साली सोसायटीने पहिला गणपती बसवला त्या आरतीचा फोटो. त्यात मागच्या रांगेत, निरांजनाच्या उजेडात, माझी आई उभी आहे. तिचा आता आमच्याकडे असलेला हा एकच फोटो. तो दुसऱ्याच्या कपाटात होता, चौथ्या मजल्यावर होता, म्हणून राहिला. वहिनी इथे बसल्या आहेत. त्या दिवशी मला आभारही मानता आले नव्हते, ते आज सगळ्यांसमोर मानतो.

त्यानंतर मी आजोबांचा नेम उचलला. २०१९ च्या सप्टेंबरपासून दर महिन्याच्या एक तारखेला कृष्णेच्या काठी एकाच जागेवरून एक फोटो. लॉकडाऊनचे काही महिने चुकले, दुसऱ्या अमेरिकावारीचे चुकले, बाकी आहेत. मागे तारीख आणि पुलाजवळची पातळी. हे आत्ता पडद्यावर एकामागून एक येताहेत ते तेच. हा उन्हाळा, पात्रात दगड दिसताहेत. ही जलपर्णी. हा २०२१ चा जुलै, इथे जागा बदलली आहे. मी तसंच लिहून ठेवलंय. दुसऱ्या फेरीत मी यातले काही आजोबांना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून मागच्या बाजूचा आकडा आधी वाचला आणि मग फोटो पाहिला.

आता शेवटचा मुद्दा, आणि ज्यासाठी खरं तर मी बोलायला उभा राहिलो. रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीचं रंगकाम निघालंय. आनंदाची गोष्ट आहे. आपल्या जिन्यात पहिल्या वळणाच्या खाली एक रेघ आहे. पाणी उतरल्यावर आपल्या वॉचमनने खिळ्याने ओढलेली, शेजारी तारीख. रंगाच्या अंदाजपत्रकात ती बुजवून, लांबी भरून, वर दोन हात द्यायचे असं आहे. काही सभासदांचं म्हणणं मी ऐकलंय. घर बघायला गिऱ्हाईक येतं, रेघ बघतं आणि भाव पाडतं. ज्यांना मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी घर विकायचं आहे त्यांची अडचण मला कळते, ती खोटी नाही. माझंही घर तळमजल्यावरच आहे. सगळ्यात जास्त भाव माझाच पडणार.

पण मी आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासल्या. फायलीतला एक कागद काढून टाकला म्हणून कर्ज कधी चांगलं झालं नाही. पुढे कधीतरी ते उघडं पडतं आणि तेव्हा जास्त महाग पडतं. त्या दुसऱ्या पायरीची खूण आपण कुठे लिहून ठेवली नव्हती, ती माझ्या डोक्यात होती. त्यामुळे ती मला हवी तशी वळली. पाणी इथवर आलं एवढंच मी लक्षात ठेवलं, याच्या वर येणार नाही हे माझं मीच जोडलं. म्हणून माझी विनंती अशी. रंग जरूर द्यावा, पण ती रेघ ठेवावी. खिळ्याने ओढलेली नको असेल तर नीट ऑइलपेंटने आखावी. खाली २००५ ची, वर २०१९ ची, मधे २०२१ ची. प्रत्येकीपुढे तारीख आणि पुलाजवळची पातळी. आणि शेवटी एक ओळ लिहावी, की पाणी याच्याही वर येऊ शकतं. नवीन येणाऱ्या माणसाला ते आपणच सांगावं, त्याला नदीकडून कळू नये.

दुसरी विनंती सोपी आहे. प्रत्येक घराने आपल्याकडचा सोसायटीचा एक जुना फोटो माझ्याकडे द्यावा. मी त्याची प्रत काढून मूळ फोटो दोन दिवसांत परत करीन, पावती देईन, बँकेची सवय आहे. सगळ्या प्रती एकत्र करून प्रत्येक मजल्यावर एक पेनड्राइव्ह आणि एक बाहेरगावी कुणाच्या तरी मुलाकडे ठेवू. तुमच्या फोटोत माझं कुणी असेल, माझ्या फोटोत तुमचं.

एवढं बोलून थांबतो. दूध आटत आलंय आणि पोरांचा धीरही. मघाशी कुणीतरी विचारलं, काका नायगारा कधी? पुढच्या खेपेला नक्की जायचं असं सौ.ला कबूल केलं आहे. ते हे भाषण छापून आलं की पुरावा म्हणून तिच्याजवळ राहील.

नमस्कार.

(ता. क. : स्मरणिका छापायला जाईपर्यंत चौदा घरांतून एकतीस फोटो आले आहेत. रेघेचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. सभासदांनी सभेला अवश्य यावे, ही विनंती.)